न्हाणीघराची फरशी

श्रावणातली सकाळ होती. माझ्या थोरल्या वहिनी न्हाणीघरात गेल्या आणि धप्पकन आवाज आला. आम्ही धावलो. पावसाळ्याने कोबा शेवाळला होता. त्यावरून त्यांचा पाय सरकला. पडताना हात टेकला आणि मनगटाचे हाड मोडले. दीड महिना हात प्लास्टरमध्ये होता. भाकरी कोण थापणार, वेणी कोण घालणार, येथपासून घरात अडचण झाली. हाताचे ते दुखणे पुढेही राहिलेच. थंडी पडली की वहिनी अजून मनगट चोळत बसतात.

तेव्हाच ठरले, की न्हाणीघरात पाय न सरकणारी फरशी बसवायची.

आमचे न्हाणीघर ४ फूट रुंद आणि ६ फूट लांब आहे. त्यातच एका टोकाला संडासाचे भांडे आहे. २०१४ साली स्वच्छ भारत मोहीम सुरू झाली, त्यानंतर आम्ही तो संडास बांधला. मागे दोन शोषखड्डे आहेत. दुसऱ्या टोकाला दार. दाराजवळच्या कोपऱ्यात पाणी जाण्याची जाळी. जाळीच्या बाजूला जमिनीतून नळाचा पाइप वर आलेला. भांडे, जाळी आणि पाइप पक्के बसवलेले होते. ते उखडायचे नव्हते. त्यांच्या भोवतीने फरशी बसवायची होती. खरी गोम तेथेच आहे. मोकळ्या ओसरीवर फरशी बसवणे सोपे. मध्ये भांडे आले, पाइप आला, की काम अवघड होते.

गावचा गवंडी तेव्हा दुसऱ्या कामावर होता. "गुरुजी, दिवाळीनंतर येतो," असे म्हणाला. दिवाळीपर्यंत थांबायला मी तयार नव्हतो. मी आणि माझा पुतण्या, दोघांनी काम हाती घेतले. ते पहिल्या खेपेला बिघडले. कसे बिघडले तेही सांगतो, कारण आम्ही शिकलो ते त्यातूनच.

आधी फरशीविषयी. दुकानात हिला टाइल म्हणतात. आमच्याकडे पुष्कळ जण स्टाईल म्हणतात. मी येथे फरशीच म्हणेन. दुकानदार तुम्हाला आधी गुळगुळीत, चकाकणारी फरशी दाखवील. तोंड दिसेल अशी. ती न्हाणीघरात घेऊ नका. ओली झाली आणि तिच्यावर साबण पडला, की ती शेवाळलेल्या कोब्यासारखीच निसरडी होते. खरखरीत फरशी मागा. तिच्यावर पाणी ओता आणि अनवाणी पायाने घासून पाहा. दुकानदार हसला तर हसू द्या. भिंतीची फरशीही जमिनीला चालत नाही. ती पातळ असते, पाणी पिते आणि टाचेखाली तडकते. खोक्यावर जमिनीसाठी की भिंतीसाठी ते लिहिलेले असते. ते वाचून घ्या.

खोक्यावर आणखी दोन गोष्टी असतात. एक म्हणजे माप. ३०० × ३०० असे लिहिलेले असेल, तर ते मिलिमीटर आहेत. २५ मिलिमीटर म्हणजे जवळजवळ एक इंच. म्हणजे ही फरशी एक फुटाला किंचित कमी भरते. न्हाणीघराला हे माप पुरे. ह्याहून मोठी फरशी घेऊ नये. जमिनीला उतार द्यायचा असतो आणि मोठी फरशी उताराला नीट बसत नाही, तिचा एक कोपरा उचललेला राहतो. दुसरी गोष्ट म्हणजे बॅच नंबर. ह्या नंबराकडे मी लक्ष दिले नाही. त्याचे फळ पुढे मिळाले.

किती फरश्या लागतील? आमची जमीन ४ गुणिले ६, म्हणजे २४ चौरस फूट. भांड्याची जागा मी वजा केली नाही, कारण भांड्याभोवती कापताना तुकडे वायाच जातात. वर तीन जास्त धरून २७ आणल्या. त्या कमी पडल्या.

पहिल्या दिवशी आम्ही कोबा झाडला, धुतला आणि दारापासून कामाला लागलो. दाराकडची बाजू डोळ्यांसमोर असते, तेव्हा तेथे अख्ख्या फरश्या दिसाव्यात, असा माझा विचार. पहिली ओळ झाली, दुसरी झाली, तिसरी झाली. मला आनंद झाला. आता भांड्यापाशी आलो, तो तिसरी ओळ आणि भांडे ह्यांच्यामध्ये जेमतेम दोन बोटांची जागा उरली. एवढी अरुंद पट्टी कापता येईना. कापली की मोडे. तशात माझा पुतण्या भांड्याच्या बाजूला आणि दार ह्या बाजूला. "काका, आता मी बाहेर कसा येऊ?" तो म्हणाला. शेवटी तो ओल्या फरश्यांवर पाय देत बाहेर आला. दोन फरश्या खचल्या.

दुसऱ्या दिवशी गवंडी वाटेने जाताना आत डोकावला. त्याने काही न बोलता एक तांब्या पाणी भांड्याच्या बाजूला ओतले. पाणी जाळीकडे गेलेच नाही. थोडे साचले, थोडे भांड्यात गेले.

"गुरुजी, चुकलं कुठं सांगू का?" तो म्हणाला. "तुम्ही दारापासनं सुरू केलंत. न्हाणीघरात काम भांड्यापासनं सुरू करायचं. भांडं आन् जाळी हलत नाही. फरशी हलवता येती. आन् पाणी ओतून बघितलं होतं का आधी?"

आम्ही पाहिले नव्हते. जन्मभर मुलांना शिकवले, की पाणी उताराकडे वाहते. माझ्याच घरात तो उतार मी मोजला नव्हता.

आंघोळीचे पाणी भांड्यात जाणे ही लहान गोष्ट नाही. दोन खड्ड्यांच्या संडासात एका वेळी एक खड्डा वापरतात. मैल्यातले पाणी खड्ड्याभोवतीच्या मातीत जिरते आणि मैला आत कुजतो. घरातल्या पाच-सहा माणसांच्या आंघोळीचे पाणी रोज त्यात गेले, तर मातीला ते जिरवता येत नाही. खड्डा भरतो, आतले नीट कुजत नाही आणि पावसाळ्यात पाणी उलटे वर येते. म्हणून न्हाणी आणि संडास एकाच खोलीत असतील, तर जमिनीचा उतार भांड्यापासून दूर, जाळीकडे हवा. भांड्याचा काठ भोवतालच्या फरशीहून किंचित वर हवा.

आम्ही बसवलेले सारे उचलले. सात फरश्या फुटल्या. पुन्हा दुकानात गेलो. तीच फरशी मिळाली, परंतु बॅच निराळी. घरी आणून जोडून पाहिली, तर रंग थोडा गडद. बॅच नंबर म्हणजे त्या फरश्या एका वेळी भाजल्या आहेत, अशी खूण. बॅच बदलली की रंग थोडा बदलू शकतो. त्या सात फरश्या आम्ही भांड्याच्या मागे बसवल्या. तेथे फारसे कोणी पाहत नाही. वहिनींना मात्र पहिल्याच दिवशी दिसल्या.

दुसऱ्या खेपेला जसे केले, तसे आता सांगतो.

सर्वांत आधी भांड्याचे तोंड बंद केले. जुने धोतर गुंडाळून भांड्यात घट्ट बसवले आणि वर फळी ठेवली. जाळी काढून तिच्या भोकातही चिंधी बसवली. हे विसरू नका. भांड्याखालच्या वाकड्या नळीला आमच्याकडे कोंबडा म्हणतात. त्यात थोडे पाणी कायम अडून राहते आणि त्यामुळे खड्ड्याची घाण वर येत नाही. त्यात सिमेंटचा गोळा पडला आणि घट्ट झाला, तर सगळे भांडे उखडावे लागते. चिंधीला एक दोरी बांधून टोक बाहेर ठेवावे, म्हणजे ती चिंधीच आत जायची नाही.

मग उंची मोजली. फरशी साधारण ८ मिलिमीटर जाड असते. तिच्याखाली चिकटवण्याचा मसाला साधारण ४ मिलिमीटर. दोन्ही मिळून १२ मिलिमीटर, म्हणजे अर्धा इंच. तुमची जमीन अर्धा इंच वर येणार. आमच्या भांड्याचा काठ कोब्यापासून बरोबर अर्धा इंच वर होता. म्हणजे फरशी बसल्यावर काठ आणि फरशी एकसारखी झाली असती आणि पाणी भांड्यात गेले असते. म्हणून भांड्याभोवतीचा कोबा आम्ही छिन्नीने पाव इंच खाली घेतला. छिन्नी हलक्या हाताने चालवावी. भांडे चिनी मातीचे असते. त्याला एक टोला लागला की चीर गेलीच.

दाराचेही पाहा. दार आत उघडत असेल, तर अर्धा इंच वर आलेल्या जमिनीला ते अडेल. आमचे दार खालून तासावे लागले. हे काम फरशी बसवण्याच्या आधी करावे. नाहीतर फरशी बसल्यावर दार उघडायचे नाही.

उतार मोजायला पाण्याची नळी घेतली. पारदर्शक प्लॅस्टिकची दहा फूट नळी आणा आणि पाण्याने भरा. आत बुडबुडा राहू देऊ नका. नळीचे एक टोक भांड्यापाशी भिंतीला धरा, दुसरे जाळीपाशी. दोन्ही टोकांतले पाणी एकाच पातळीत उभे राहते. दोन्हीकडे पाण्यापाशी पेन्सिलीने खूण करा. मग खुणेपासून जमिनीपर्यंत मोजा. फुटाला पाव इंच उतार पुरतो. आमची जाळी भांड्यापासून चार फुटांवर आहे. म्हणजे भांड्यापाशी खुणेपासून जमीन १८ इंच खाली असेल, तर जाळीपाशी ती १९ इंच खाली हवी. आमचा कोबा मधे ताटासारखा खोलगट निघाला. बादलीभर पाणी ओतले, ते जेथे साचले तेथे कोळशाने रेघ मारली. तेवढी जागा भरायची होती.

ही जागा फरशीच्या मसाल्याने भरायची नाही. तो मसाला पातळ थरासाठी असतो. जाड लावला की वाळताना बसतो आणि फरशी खचते. जागा भरायला एक भाग सिमेंट आणि चार भाग वाळू घेतली. त्याआधी सगळ्या कोब्याला छिन्नीने टाचे मारले. घोटलेला कोबा आरशासारखा असतो, त्याला काही चिकटत नाही. शेवाळ तारेच्या ब्रशाने खरवडले. धुऊन घेतले, वर सिमेंटचे दाट पाणी फिरवले आणि ते ओले असतानाच वाळू-सिमेंट भरले. रंध्याने ओढून उतार दिला. आठवडाभर गोणपाट टाकून ओले ठेवले. त्या दिवसांत आंघोळी परसात केल्या आणि भांड्यापर्यंत फळी टाकून संडास चालू ठेवला. घाई केली नाही. एकदा पोळलो होतो.

मग फरश्या मसाल्याशिवाय, नुसत्या मांडून पाहिल्या. हीच पायरी मी पहिल्या खेपेला गाळली होती. भांड्याच्या मधोमध लांबीने एक सरळ रेघ मारली. दोन फरश्यांचा सांधा ह्या रेघेवर आणला. त्यामुळे भांड्याची गोलाई दोन्ही बाजूंच्या फरश्यांत सारखी वाटली गेली. एकाच फरशीत मोठे भोक पाडायला गेलात, तर ती मोडते. मग ओळी पुढेमागे सरकवून पाहिल्या. सांधा भांड्याच्या सात इंच पुढे आणला, तेव्हा दाराशी आणि मागच्या भिंतीशी दोन्हीकडे साधारण अर्धी फरशी आली. बारीक पट्टी कोठेच उरली नाही. नळाच्या पाइपाशीही सांधा आणता आला तर उत्तम. मग दोन्ही फरश्यांना अर्धचंद्रासारखी खाच पाडली, की काम होते. आमच्याकडे तो पाइप सांध्यापासून चार बोटे बाजूला आला. तेव्हा ती फरशी पाइपाच्या रेषेत कापून तिचे दोन तुकडे केले आणि प्रत्येकाला अर्धी खाच पाडली. एक सांधा जास्त दिसतो, एवढेच.

गोलाई कशी कापायची? फरशीवर अंदाजाने रेघ मारू नका. जुन्या कॅलेंडरचा जाड कागद घ्या. तो फरशीच्या मापाचा कापा आणि फरशीच्या जागी ठेवा. भांड्याच्या काठाला लागेल तसा थोडा थोडा कातरत जा. बायका चोळीचा कागद बेततात, तसेच हे आहे. आमचे चारही कागद वहिनींनी एका हाताने धरून, दुसऱ्या हाताने कातरले. कागद नीट बसला की तो फरशीवर ठेवून पेन्सिलीने रेघ काढा. भांड्याच्या बाजूला काडेपेटीच्या दोन काड्या मावतील एवढी फट सोडा.

सरळ कापायला साधे हातकटर पुरते. गोलाईला विजेचा ग्राइंडर आणि हिऱ्याचे पाते लागते. गोलाई एका दमात कापता येत नाही. फरशीच्या कडेपासून रेघेपर्यंत बोटाबोटाच्या अंतरावर चिरा घ्यायच्या. मग त्या मधल्या दातऱ्या पकडीने एकेक मोडून काढायच्या. शेवटी कड घासायची. हे काम पुतण्याने अंगणात केले. विजेचे यंत्र ओल्या न्हाणीघरात नेऊ नये. हात ओले नसावेत, पायांत बूट असावेत. डोळ्यांना चष्मा हवा. फरशीची धूळ साधी नसते. तिच्यातले गारेचे बारीक कण फुप्फुसात जाऊन बसतात आणि परत निघत नाहीत. त्यासाठी तोंडाला रुमाल पुरत नाही. धुळीचा मास्क दुकानात मिळतो, तो घ्यावा. घरात कोणाला यंत्राची सवय नसेल, तर रेघा मारलेल्या फरश्या कापून आणाव्यात. त्यात कमीपणा नाही.

मसाल्याच्या पिशवीवर पाणी किती घालायचे आणि किती वेळात संपवायचे ते छापलेले असते. आम्ही एका वेळी एक पाटीच कालवली. घट्ट होऊ लागलेल्या मसाल्यात पुन्हा पाणी घालू नये. तो मग धरत नाही. मसाला हाताने कालवू नये, कातडी भाजते.

बसवायला भांड्याच्या मागच्या भिंतीपासून सुरुवात केली आणि मागे सरकत दाराकडे आलो. ह्या खेपेला पुतण्या अडकला नाही. दातेरी थापीने जमिनीवर मसाला पसरला, थोडा फरशीच्या पाठीलाही लावला. फरशी ठेवून रबरी हातोड्याने ठोकली. ठोकताना कान द्यावा. भरीव आवाज आला तर ठीक. पोकळ आला तर लगेच उचलून पुन्हा मसाला घालावा. पोकळीत पाणी शिरते आणि एक दिवस टाचेखाली फरशी तडकते. दोन फरश्यांमध्ये सारखी फट राहावी म्हणून प्लॅस्टिकच्या फुल्या मिळतात, त्या ठेवल्या. दर ओळीनंतर नळी लावून उतार पाहिला. जाळीभोवतीच्या फरश्या चारी बाजूंनी तिरक्या कापून जाळीकडे झुकवल्या. जाळी फरशीच्या किंचित खाली बसवली. वर राहिली असती तर भोवती पाणी साचले असते.

एक दिवस कोणी पाऊल ठेवले नाही. दाराला आडवी काठी बांधली होती. दुसऱ्या दिवशी दर्जा भरल्या. दर्जांचा मसाला रबरी पट्टीने तिरका ओढून सांध्यात दाबायचा, पंधरा-वीस मिनिटांनी ओल्या स्पंजाने पुसायचा. उशीर केला तर तो फरशीवर वाळून बसतो आणि मग निघत नाही.

भांड्याभोवतीची आणि पाइपाभोवतीची फट मात्र आम्ही सिमेंटने भरली नाही. भांडे, पाइप आणि फरशी उन्हा-थंडीने सारखी फुगत-आकसत नाहीत. मध्ये सिमेंट असले तर ते चिरते, नाहीतर भांडेच तडकते. तेथे सिलिकॉन भरले. ते नळीत मिळते, वाळल्यावर रबरासारखे लवचिक राहते आणि पाणी आत जाऊ देत नाही. फट अगदी कोरडी असेल तेव्हाच ते भरावे. पुढे कधी भांडे बदलायचे झाले, तर हे सिलिकॉन सुरीने कापले की झाले, फरशी फोडावी लागत नाही.

तिसऱ्या दिवशी दोरी ओढून चिंध्या बाहेर काढल्या. मी भांड्यापाशी बादली ओतली. सगळे पाणी जाळीत गेले. मग पुतण्याला सांगून गवंड्याला बोलावले. त्याने आपला तांब्या ओतून पाहिला आणि "आता बरं हाय" म्हणाला. वहिनी भिंतीला हात लावून आत गेल्या. आता भिंतीवर त्यांच्यासाठी एक लोखंडी दांडीही बसवली आहे. फरशी कितीही खरखरीत असली, तरी म्हाताऱ्या माणसाला धरायला काहीतरी हवे.

फरशी धुताना अॅसिड वापरू नये. फरशीला काही होत नाही, पण दर्जांतले सिमेंट ते खाते. ब्रश आणि धुण्याचा सोडा पुरतो. अॅसिड आणि ब्लीचिंग पावडर तर कधीच एकत्र टाकू नये. त्यांतून विषारी वायू निघतो आणि बंद न्हाणीघरात माणूस गुदमरतो.

दुसऱ्या खोक्यातल्या दोन फरश्या उरल्या आहेत. त्या माळ्यावर ठेवल्या आहेत. पाठीवर पेन्सिलीने दुकान, तारीख आणि बॅच नंबर लिहिला आहे. पहिल्या खोक्याचा नंबरही शोधून काढला आणि त्याच फरशीवर खाली लिहून ठेवला.